पॅरिसला जाऊन हिरमोड का होतो?

१ एप्रिल १९६४ पर्यंत सामान्य जपानी माणसाला नुसत्या हौसेखातर परदेशात जाता येत नव्हतं. सरकारी काम, व्यापार, शिक्षण असं काही कारण दाखवलं तरच परकीय चलन मिळायचं. त्या दिवशी बंधन उठलं, पण वर्षातून एकच फेरी आणि सोबत ५०० डॉलर, अशी अट होतीच. पुढे अटी सैल होत गेल्या. १९८५ नंतर येन झपाट्याने वधारला आणि दरवर्षी लाखो जपानी पर्यटक युरोपात उतरू लागले. त्यांतल्या कितीतरी जणांचं, विशेषतः तरुण मुलींचं, पहिलं स्वप्न पॅरिस होतं. फॅशनच्या मासिकांत, सिनेमांत, अत्तरांच्या जाहिरातींत वर्षानुवर्षं पाहिलेलं पॅरिस.

त्याच सुमारास पॅरिसच्या सेंत-आन मनोरुग्णालयात हिरोआकी ओटा हे जपानी मनोविकारतज्ज्ञ काम करत होते. मायदेशातून आलेले काही प्रवासी त्यांच्याकडे विचित्र अवस्थेत येऊ लागले. छातीत धडधड, घाम, चक्कर, आजूबाजूचं सगळं खोटं वाटणं, लोक आपल्या वाइटावर आहेत असं वाटणं. ओटांनी या अवस्थेला ‘पॅरिस सिंड्रोम’ म्हटलं आणि तिची कारणंही मांडली: भाषेची अडचण, वागण्याबोलण्याच्या रीतींतला फरक, शहराची मनात रंगवलेली प्रतिमा आणि प्रवासाचा थकवा. २००४ मध्ये त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी एका फ्रेंच वैद्यकीय नियतकालिकात १९८८ पासून रुग्णालयात दाखल कराव्या लागलेल्या ६३ जपानी रुग्णांची माहिती दिली.

वर्तमानपत्रांना ही गोष्ट फार आवडते, त्यामुळे ती पुन्हा पुन्हा छापून येते. पण आकडा नीट पाहायला हवा. सोळा-सतरा वर्षांत ६३, म्हणजे वर्षाला सरासरी चार. यांतल्या काहींना आधीपासूनच मनोविकार होता, पॅरिस हे निमित्त ठरलं. मानसिक आजारांच्या अधिकृत याद्यांत या सिंड्रोमला स्थान नाही. मला स्वतःला त्या ६३ जणांपेक्षा उरलेल्या लाखोंबद्दल जास्त कुतूहल आहे. रुग्णालयात जाण्याइतकं त्यांना काहीच झालं नाही. आयफेल टॉवरखाली उभं राहून त्यांना फक्त वाटलं, “बस, एवढंच?” आणि ते कुणाला सांगितलं नाही. आपल्याकडेही पै-पै साठवून युरोपची टूर करून आलेल्या घरांत हे घडतं. एवढा खर्च झालेला, मुलांनी हौसेने पाठवलेलं, शेजारीपाजारी विचारायला आलेले, तेव्हा “छान झाली ट्रिप” असंच म्हणायचं असतं. मनातली हुरहुर मात्र तशीच राहते आणि तिच्याबरोबर अपराधीपणाही येतो: आपल्यालाच कौतुक नाही की काय?

तर कौतुक असतंच. हिरमोड होतो तो मेंदूच्या कामाच्या पद्धतीमुळे, आणि ती पद्धत आता बऱ्यापैकी कळली आहे.

वोल्फ्राम शुल्ट्झ हे शास्त्रज्ञ स्वित्झर्लंडमधल्या फ्रीबुर विद्यापीठात माकडांवर प्रयोग करत होते. मेंदूच्या मध्यभागात खोलवर डोपामिन हे रसायन स्रवणाऱ्या चेतापेशी असतात. त्यांत अतिसूक्ष्म तारा बसवून एकेक पेशी किती वेळा संदेश सोडते ते ते मोजत होते. माकडाच्या तोंडात अचानक फळाच्या रसाचा थेंब पडला की या पेशी जोरात कार्यरत होत. इथपर्यंत नवल नाही. मग रसाच्या थोडं आधी एक खूण दाखवायला सुरुवात केली. खूण आली की पाठोपाठ रस, हे माकडाच्या लक्षात आल्यावर चित्र पालटलं. पेशी आता खूण दिसताच उसळत, आणि प्रत्यक्ष रस मिळाला तेव्हा शांत राहत. रस तोच, थेंब तेवढाच, पण त्याचा आनंदसोहळा आधीच होऊन गेलेला. तिसरी पायरी सगळ्यात महत्त्वाची. खूण दाखवली आणि रस दिलाच नाही, तेव्हा ज्या क्षणी रस यायला हवा होता नेमक्या त्या क्षणी पेशींचे नेहमीचे मंद संदेशही थांबले.

१९९७ मध्ये पीटर डायन आणि रीड माँटेग्यू यांच्यासोबत शुल्ट्झ यांनी या निरीक्षणांचा अर्थ मांडला. या पेशी सुख मोजत नाहीत, अपेक्षा आणि प्रत्यक्ष यांतला फरक मोजतात. अपेक्षेपेक्षा जास्त मिळालं तर वर, कमी मिळालं तर खाली, आणि ठरल्याप्रमाणे मिळालं तर शून्य. शिकण्यासाठी ही सोय उत्तम आहे. जे आधीच ठाऊक आहे त्यावर मेंदू शक्ती खर्च करत नाही. पण वीस वर्षं वाट पाहून पॅरिसला पोचलेल्या माणसाच्या दृष्टीने हे फार निष्ठुर आहे. शहर अगदी त्याच्या कल्पनेइतकंच सुंदर निघालं, तरी या हिशोबात त्याच्या हाती शून्यच येतं. अपेक्षेपेक्षा ते किंचित कमी भरलं, तर वजाबाकी.

माकडांच्या पेशींवरून माणसाच्या मनाकडे एकदम उडी मारणं बरोबर नाही, म्हणून पुढचं एक काम सांगतो. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या रॉब रटलेज यांनी लोकांना छोट्या पैजांचा खेळ खेळायला दिला आणि मधूनमधून विचारलं, आत्ता किती आनंदी आहात? २०१४ मध्ये त्यांनी निष्कर्ष प्रसिद्ध केले, तेव्हा प्रयोगशाळेतल्या मोजक्या स्वयंसेवकांबरोबरच मोबाइलवर हाच खेळ खेळलेल्या १८,४२० जणांची माहिती त्यात होती. खेळाडूने एकूण किती जिंकलं यावर त्या क्षणाचा आनंद अवलंबून नव्हता. नुकतंच जे हाती आलं ते अपेक्षेपेक्षा चांगलं होतं का, यावर होता. आणखी एक गोष्ट दिसली: चांगल्याची अपेक्षा करणं हेही त्या क्षणी आनंद देत होतं. म्हणजे अपेक्षा आधी आनंद देते आणि नंतर तोच वळता करून घेते.

सहलींच्या बाबतीत हे सरळ मोजलंही गेलं आहे. नेदरलँड्समधल्या येरून नावाइन आणि सहकाऱ्यांनी १,५३० डच प्रौढांची पाहणी केली, त्यांतले ९७४ जण सुट्टीवर जाणारे होते. २०१० मध्ये आलेल्या या अभ्यासात सुट्टीवर जाणारे लोक निघण्यापूर्वी इतरांपेक्षा जास्त आनंदी आढळले. परतल्यावर मात्र बहुतेकांत आणि घरीच राहिलेल्यांत फरक उरला नव्हता. ज्यांनी आपली सुट्टी अगदी निवांत गेली असं सांगितलं, तेवढ्यांनाच परतल्यावरही थोडा काळ लाभ टिकला. म्हणजे व्हिसाचे कागद जमवणं, नकाशावर बोट फिरवणं, बॅग भरताना चिवड्याच्या पिशव्या कोंबणं, हे सहलीच्या सुखाचे खरेखुरे दिवस आहेत. त्यांना आपण नुसती तयारी समजतो.

आता, अपेक्षा इतकी वर जाते तरी कशी? कल्पना आणि आठवण या मेंदूत सख्ख्या बहिणी आहेत. लंडनच्या डेमिस हसाबिस आणि एलिनॉर मॅग्वायर यांनी २००७ मध्ये हिप्पोकॅम्पस या भागाला इजा झालेल्या रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. या रुग्णांची स्मरणशक्ती गेली होती हे माहीतच होतं. पण “तुम्ही पांढऱ्या वाळूच्या किनाऱ्यावर पडला आहात, काय दिसतंय ते सांगा,” असं म्हटल्यावर त्यांना ते दृश्यही धड उभं करता येईना, हे नवीन होतं. आपण न पाहिलेली जागा डोळ्यांपुढे आणतो ती जुन्या आठवणींचे तुकडे जोडूनच. आणि ज्याने पॅरिस कधी पाहिलं नाही, त्याच्याजवळ पॅरिसचे तुकडे कोणते असतात? सिनेमातले, कॅलेंडरवरचे, आता रील्समधले. प्रत्येक तुकडा कुणीतरी निवडून, उजेड साधून टिपलेला. त्यात मेट्रोच्या जिन्यातला मुताचा वास नसतो, बॅग सांभाळत उभं राहणं नसतं, स्वच्छतागृह शोधणं नसतं. मुख्य म्हणजे त्यात आपलं शरीर नसतं. कल्पनेतल्या पॅरिसमध्ये कुणाचेही गुडघे दुखत नाहीत.

त्यात काळाचं अंतर भर घालतं. याकोव्ह ट्रोप आणि निरा लिबरमन या मानसशास्त्रज्ञांनी दाखवलं आहे की दूरच्या काळातली घटना आपण ढोबळ, अर्थाच्या अंगाने पाहतो आणि जवळ येईल तशी तपशिलांच्या अंगाने. पाच वर्षांनी करायची सहल म्हणजे ‘जग पाहणं’. उद्याची सहल म्हणजे पहाटे चारची टॅक्सी. दुरून डोंगर साजरे हे आपल्याला पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहेच, पण ते काळाच्या अंतरालाही लागू पडतं.

शरीराचं म्हणाल, तर झोपेबद्दलचा एक शोध ग्रुप टूरला जाणाऱ्या प्रत्येकाला माहीत असावा असं मला कळकळीने वाटतं. अमेरिकेतल्या ब्राउन विद्यापीठात मासाको तामाकी आणि युका सासाकी यांनी नव्या जागी झोपणाऱ्यांच्या मेंदूची नोंद घेतली. पहिल्या रात्री गाढ झोपेतही मेंदूचा डावा अर्धा भाग उजव्याइतका गाढ झोपलेला नव्हता, त्याचं एक जाळं पहाऱ्यावर असल्यासारखं जागं होतं. उजव्या कानाशी अनोळखी आवाज केला, जो प्रामुख्याने डाव्या मेंदूकडे जातो, तर माणूस चटकन जागा होई. पुढच्या मुक्कामात हा फरक राहिला नाही. हे संशोधन २०१६ मध्ये प्रसिद्ध झालं. आता आपल्या ‘दहा दिवसांत सात देश’वाल्या कार्यक्रमाकडे पाहा. जवळजवळ रोज नवं हॉटेल, म्हणजे जवळजवळ रोज पहिलीच रात्र. जपानी प्रवाशाला यावर उन्हाळ्यात सात तासांचा कालबदलही सोसावा लागतो, आपल्याला साडेतीन तासांचा. पाचव्या दिवशी अर्धवट झोपलेला माणूस जगातल्या सुंदर चौकात उभा राहून निर्विकार झाला, तर त्यात त्याच्या रसिकतेचा काय दोष? टूर विकणाऱ्यांनी शहरांची संख्या कमी करून मुक्काम वाढवले पाहिजेत. जास्त ठिकाणं म्हणजे पैसे वसूल, या समजुतीने सर्वांत जास्त नुकसान केलं आहे ते उतारवयात पहिल्यांदाच बाहेर पडणाऱ्यांचं.

परत आल्यावर आणखी एक गंमत सुरू होते. टेरेन्स मिचेल आणि लेह थॉम्पसन यांच्या चमूने १९९७ मध्ये तीन प्रकारच्या सुट्ट्यांचा अभ्यास मांडला: बारा दिवसांची युरोप सहल, थँक्सगिव्हिंगची सुट्टी आणि कॅलिफोर्नियातला तीन आठवड्यांचा सायकल प्रवास. आधी, चालू असताना आणि नंतर, अशा तिन्ही वेळी लोकांची मतं घेतली. चालू असतानाची मतं सर्वांत फिकी निघाली. पाऊस, थकवा, चिडचिड यांच्या नोंदी काही दिवसांतच मागे पडल्या आणि आठवण उजळ होत गेली. पुन्हा जायचं की नाही हे माणूस प्रत्यक्ष अनुभवावरून ठरवत नाही, आठवणीवरून ठरवतो, असं पुढे डेरिक वर्ट्झ यांच्या अभ्यासातही दिसलं. म्हणून “छान झाली ट्रिप” हे पहिल्या आठवड्यात शिष्टाचार म्हणून म्हटलेलं वाक्य वर्षभराने मनापासून निघतं. त्यात खोटेपणा नाही.

पण काही ठिकाणी हिरमोड मेंदूने घडवलेला नसतो, त्या जागेच्या मांडणीनेच घडवलेला असतो, आणि याचं सर्वांत चांगलं उदाहरण लूव्र संग्रहालयात आहे. मोनालिसा ७७ सेंटीमीटर उंच आणि ५३ सेंटीमीटर रुंद आहे. आयुष्यभर ती पोस्टरवर, पुस्तकांच्या मुखपृष्ठांवर पाहिलेली असल्याने डोळ्यांना मापाचा अंदाज उरलेला नसतो. २०१८ मध्ये एक कोटीहून जास्त लोक लूव्रमध्ये आले आणि त्यांतले बहुतेक तिच्यासाठी. जाड काचेआड ती, समोर कठडा, त्याच्या अलीकडे उंचावलेल्या मोबाइलांचं रान. त्याआधी तासभर दालनं तुडवून झालेली असतात. संग्रहालयात पाय आणि नजर कशी थकते यावर बोस्टनच्या बेंजामिन गिलमन यांनी १९१६ मध्येच छायाचित्रांसह लेख लिहिला होता. एका माणसाला वाकवून, उकिडवं बसवून, मान उंचावायला लावून त्यांनी दाखवलं की वस्तू मांडणाऱ्यांनी पाहणाऱ्याच्या शरीराचा विचारच केलेला नाही.

त्याच खोलीत, मोनालिसाच्या बरोबर समोरच्या भिंतीवर, पाओलो व्हेरोनेझेचं ‘काना इथली लग्नाची मेजवानी’ हे चित्र आहे. जवळजवळ दहा मीटर रुंद, पावणेसात मीटर उंच, शंभराहून अधिक माणसांनी गजबजलेलं. गर्दी त्याच्याकडे पाठ करून उभी असते. शुल्ट्झ यांच्या हिशोबाने पाहिलं तर आनंदाची शक्यता या चित्राकडे जास्त आहे, कारण त्याच्याकडून कुणाची कसलीच अपेक्षा नसते. सहज मागे वळलेल्या माणसाला ते घबाडासारखं मिळतं.

जानेवारी २०२५ मध्ये फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष इमॅन्युएल मॅक्रों यांनी मोनालिसासाठी लूव्रमध्ये स्वतंत्र दालन आणि स्वतंत्र प्रवेशिका करण्याची योजना जाहीर केली. गर्दीची रेटारेटी कमी होईल आणि म्हाताऱ्या माणसांना दोन क्षण शांतपणे बघता येईल, म्हणून मला ती योजना पटते. मात्र खास तिकीट काढून खास दालनात शिरणाऱ्याची अपेक्षा आजच्यापेक्षा चढीच असेल, आणि चित्र तेवढंच राहणार आहे. मोनालिसा निघून गेल्यावर व्हेरोनेझेच्या त्या प्रचंड चित्राकडे लोक अखेर तोंड करून उभे राहतील की त्या खोलीत यायचेच थांबतील, हे पाहायची मला फार उत्सुकता आहे.