तीन बेअरिंगांवरचा वेग

फोर्डच्या 'मॉडेल ए' गाडीचं इंजिन खोलून क्रँकशाफ्ट, म्हणजे पिस्टनच्या वर-खाली हालचालीचं फिरणं करणारा दांडा, बाकावर ठेवला, की आधी जाणवतो तो त्याचा सडपातळपणा. चार सिलिंडर, चार कनेक्टिंग रॉड आणि एवढ्या पसाऱ्याला आधार फक्त तीन मेन बेअरिंगांचा. एक पुढे, एक मागे, एक मध्ये. आज रस्त्यावर धावणाऱ्या बहुतेक चार सिलिंडर गाड्यांत असे पाच आधार असतात. 1928 ते 1931 या वर्षांच्या मॉडेलांत बसलेलं हे 3.3 लिटरचं इंजिन मिनिटाला 2200 फेऱ्यांवर 40 अश्वशक्ती द्यायचं. घरच्या माणसांना घेऊन बाजाराला जाऊन यावं, कच्च्या रस्त्यावर कुरकुर करू नये, एवढ्याच बेताने ते घडवलं होतं.

कॅलिफोर्नियातल्या पोरांनी मात्र तेच इंजिन म्युरॉकच्या सुकलेल्या तळ्यावर नेलं. मैलोन् मैल टणक, सपाट माती आणि अडवायला कोणी नाही. भंगारातून स्वस्तात उचललेली फोर्ड, तिचे मडगार्ड आणि छप्पर काढून टाकलेलं, आणि इंजिनवर रात्र-रात्र केलेलं काम. मूळ गाडी ताशी 65 मैलांच्या आसपास दमायची, हे गडी तिला 100च्या पलीकडे न्यायचे. 1932मध्ये फोर्डचं 65 अश्वशक्तीचं आठ सिलिंडरचं व्ही-एट आलं आणि हळूहळू हॉट रॉडवाल्यांचा, म्हणजे जुन्या गाड्या वेगासाठी बदलणाऱ्यांचा, ओढा तिकडे गेला. तरी चार सिलिंडरचे 'बँगर' संपले नाहीत. 1937मध्ये स्थापन झालेली सदर्न कॅलिफोर्निया टायमिंग असोसिएशन आजही एल मिराजच्या कोरड्या तळ्यावर शर्यती भरवते, आणि तिथे जुन्या चार सिलिंडर इंजिनांचा वेगळा वर्ग आहे.

ताकद वाढवायचा पहिला उपाय कॉम्प्रेशन. मॉडेल एचं कॉम्प्रेशन गुणोत्तर होतं 4.22, म्हणजे आत आलेलं मिश्रण साधारण सव्वाचार पट दाबलं जायचं. जितकं जास्त दाबून पेटवू, तितकी जळलेल्या वायूला पसरायला जागा जास्त मिळते आणि उष्णतेतला मोठा वाटा कामी येतो. ऑटो चक्राचं, म्हणजे पेट्रोल इंजिनाच्या आदर्श चक्राचं, गणित मांडलं तर 4.22ला कार्यक्षमता सुमारे 44 टक्के येते, 6ला 51 टक्के. प्रत्यक्षातलं इंजिन याच्या बरंच खाली असतं, पण प्रमाण साधारण तसंच राहतं. थेंबभरही जास्त पेट्रोल न जाळता सातएक टक्के नव्हे, आधीच्या तुलनेत जवळपास सहावा हिस्सा जास्त काम मिळतं. पुढे 8पर्यंत गेलं तर मात्र आणखी दहाएक टक्केच पदरात पडतात.

मग फोर्डने ते कमी का ठेवलं? त्या काळच्या पेट्रोलमुळे. ठिणगीपासून निघालेली ज्योत पुढे सरकत असताना कोपऱ्यात उरलेलं मिश्रण दाबानं आणि उष्णतेनं आपोआप एकदम पेटतं, त्याला नॉकिंग म्हणतात. हातोडीचे ठोके बसावेत तसा तो आवाज असतो आणि पिस्टनला जवळपास तसाच मार बसतो. 1920च्या दशकात इंग्लंडचे अभियंते हॅरी रिकार्डो यांनी हेडच्या, म्हणजे सिलिंडरवरच्या झाकणाच्या, आकारावर काम केलं. ज्वलनकक्षाचा एक भाग पिस्टनला जवळजवळ टेकेल इतका खाली आणला, की पिस्टन वर येताना तिथलं मिश्रण फवाऱ्यासारखं बाजूला ढकललं जातं, त्यात खळबळ माजते आणि ज्योत भरभर पसरते. आपोआप पेटायला वेळच उरत नाही. एड विनफील्ड यांच्यासारख्या कॅलिफोर्नियातल्या कारागिरांची जास्त कॉम्प्रेशनची हेडं फोर्डवर बसू लागली आणि एक हेड बदललं की फरक लगेच कळायचा. जुनं इंजिन हाताळणाऱ्याला आजही मी हाच उपाय पहिला सुचवीन, कारण आजच्या साध्या पेट्रोलवर साडेपाच-सहाचं कॉम्प्रेशन निर्धास्त चालतं. फक्त ठिणगीची वेळ आपल्या हातात असते हे विसरायचं नाही. स्टिअरिंगखालच्या दांडीने ती मागेपुढे करावी लागते, आणि हँडल मारताना ती पुढे राहिली तर हँडल उलट फिरून मनगट मोडतं.

दुसरा उपाय श्वासाचा. हे फ्लॅटहेड इंजिन आहे, म्हणजे दोन्ही व्हॉल्व्ह सिलिंडरच्या शेजारी ब्लॉकमध्येच उभे असतात. आत येणाऱ्या हवेला आधी वर चढून मग वळून सिलिंडरमध्ये उतरावं लागतं. त्यात इनटेकचे, म्हणजे मिश्रण आत येण्याचे, पोर्ट चार नसून दोनच आहेत. एक आणि दोन नंबरच्या सिलिंडरला मिळून एक, तीन आणि चारला मिळून दुसरा. फायरिंग ऑर्डर, म्हणजे सिलिंडर पेटण्याचा क्रम, 1-2-4-3. म्हणजे एका पोर्टमधून आधी एक सिलिंडर ओढतो, लगेच अर्ध्या फेरीत शेजारचा ओढतो, आणि नंतर एक फेरी तिथे शांतता. एकाच नळावर दोन घरांनी पाठोपाठ हंडे लावावेत तसं हे होतं, आणि दोन्ही हंडे सारखे भरत नाहीत. म्हणून काहींनी व्हॉल्व्हच हेडमध्ये नेले. मॉडेल एच्या आधीच्या मॉडेल टीसाठी शेव्हरोले बंधूंचं 'फ्रॉन्टेनॅक' हेड होतं. ते बसवलेल्या फोर्डने 1923च्या इंडियानापोलिस 500मध्ये पाचवा क्रमांक मिळवला. मॉडेल एसाठी पुढे रायली आणि क्रॅगर यांची हेडं आली. आपल्याकडे महिंद्राच्या जुन्या सीजे-थ्रीबी जीपचं हरिकेन इंजिन ज्यांनी खोललंय त्यांना यातला मधला टप्पा ठाऊक असेल. त्यात इनटेक व्हॉल्व्ह वर हेडमध्ये आणि एक्झॉस्ट खाली ब्लॉकमध्ये आहे.

आता तिसरा उपाय, फेऱ्या वाढवण्याचा. खरी परीक्षा इथे होते.

पिस्टन प्रत्येक फेरीत दोनदा थांबतो आणि दोनदा उलटा निघतो. त्याला वळवण्याचं काम क्रँकचं. मॉडेल एचा स्ट्रोक सव्वाचार इंच आणि रॉडची लांबी साडेसात इंच. यावरून हिशोब केला तर 2200 फेऱ्यांना, अगदी वरच्या टोकाला, पिस्टनचं त्वरण गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे 375 पट भरतं. पिस्टन, पिन आणि रिंगा मिळून अर्धा किलो धरू. म्हणजे तो अर्धा किलो त्या क्षणी क्रँकला जवळपास 190 किलोच्या ओढीने वर खेचतो. फेऱ्या दुप्पट करून 4400 केल्या, की ओढ दुप्पट होत नाही, चौपट होते. साडेसातशे किलो, आणि तेही एकेका पिस्टनसाठी, सेकंदाला सत्तरहून जास्त वेळा.

क्रँकवर एक आणि चार नंबर एका बाजूला, दोन आणि तीन विरुद्ध बाजूला असतात. दोन पिस्टन वर खेचतात तेव्हा दोन खाली, त्यामुळे बाहेरून पाहता बराच भार कटतो. पण आतल्या क्रँकला हे समाधान मिळत नाही. दोन आणि तीन नंबर अगदी मधल्या बेअरिंगच्या दोन्ही अंगांना आहेत आणि दोघे एकाच दिशेने ओढतात. टोकांचे दोघे उलट दिशेने. शाफ्ट धनुष्यासारखा वाकू पाहतो आणि सगळा जोर मधल्या बेअरिंगवर येतो. मॉडेल एच्या क्रँकला ही ओढ जागच्या जागी तोलणारी प्रतिभारं मुळात नव्हतीच. त्यामुळे हे इंजिन बांधताना हेड कुठलं आणि कार्ब्युरेटर किती याआधी मधलं बेअरिंग काय सोसेल ते ठरवावं. उलट क्रमाने जाणाऱ्यांचे ब्लॉक फुटलेले दिसतात.

उपाय आहेत. क्रँकला प्रतिभारं जोडून त्याचं बॅलन्सिंग करणं, चारही रॉड आणि पिस्टन ग्रॅमपर्यंत सारख्या वजनाचे करणं, हलके पिस्टन घालणं. क्रँकच्या टोकाचं साठ पौंडांहून जड असलेलं चाक, म्हणजे फ्लायव्हील, लेथवर उतरवून हलकं केलं जातं, त्याने गाडी चटकन वेग घेते, मात्र संथ चालताना ती मखमली धडधड जाते. 1932च्या मॉडेल बीमध्ये फोर्डनेही मेन बेअरिंगं मोठी केली आणि त्यांना दाबाने तेल दिलं. मॉडेल एमध्ये पंप तेल फक्त व्हॉल्व्हच्या कप्प्यापर्यंत चढवतो, तिथून ते आपल्या वजनाने मेन बेअरिंगांत उतरतं, आणि रॉडांना तर खालच्या पन्हळीत बुडणाऱ्या चमच्यांनी उडवलेल्या तेलावरच भागवावं लागतं. वेगाच्या इंजिनात क्रँकला भोकं पाडून तेल थेट रॉडच्या बेअरिंगपर्यंत पोचवतात.

बेअरिंगचा धातू म्हणजे बॅबिट. आपल्याकडचे मिस्त्री त्याला व्हाइट मेटल म्हणतात. मुख्यतः कथील, थोडं अँटिमनी आणि तांबं. त्याचा मऊपणा इथे उपयोगी पडतो. या इंजिनाला तेलाचा फिल्टर नाही. तेलातून आलेला कठीण कण बॅबिटमध्ये रुतून बसतो आणि क्रँक ओरखड्यापासून वाचतो. ज्यांना जास्त फेऱ्या हव्यात ते आजच्या पद्धतीचे पातळ शेल बसवतात, कारण जाड बॅबिट सततच्या ठोक्यांनी थकून तडकतं. पण शेल इतकी घाण पोटात घेत नाहीत, म्हणून शेलबरोबर फिल्टर हवाच. नुसते शेल घालून फिल्टर टाळणं ही मला सर्वांत मोठी चूक वाटते.

देखभालही याच मऊ धातूभोवती फिरते. फोर्डने दर 500 मैलांना तेल बदलायला सांगितलं होतं आणि फिल्टर नसलेल्या इंजिनाला तो नियम आजही लागू आहे. नवं हेड बसवल्यावर इंजिन तापवून, गार करून, नट पुन्हा ठरलेल्या जोराने आवळायचे, दोन-तीनदा तरी. व्हॉल्व्ह आणि त्याला वर ढकलणाऱ्या टॅपेटमधली फट मूळ रचनेत फिरवून जुळवता येत नाही, व्हॉल्व्हच्या दांडीचं टोक घासावं लागतं, त्यामुळे बहुतेक जण जुळवता येणारे टॅपेट घालतात.

आणि कान उघडे ठेवायचे. ओझ्याखाली खोल, दबका ठोका मेन बेअरिंगचा. पाय काढल्यावर येणारी हलकी टकटक रॉडची. ऐकू आलं की इंजिनाखालचं तेलाचं भांडं, म्हणजे संप, उतरवायचं आणि तळाशी चांदीसारखे कण आहेत का ते बघायचं. नसतील तर बेअरिंगच्या टोपीखालचं एक शिम, म्हणजे धातूची पातळ पट्टी, काढून फट पुन्हा एक-दीड थाऊवर, म्हणजे इंचाच्या हजाराव्या भागाच्या एक-दीड पट, आणता येते. शिमं संपली किंवा कण दिसले, की ब्लॉक तापवून नवं बॅबिट ओतायचं आणि तिन्ही बेअरिंगं एका रेषेत, एकाच दमात बोअर करून घ्यायची.