भाषा रचणारे कशावर हसतात?

निव्वळ हौसेखातर नवी भाषा रचणारे लोक जगभर विखुरलेले आहेत आणि १९९०च्या दशकापासून आंतरजालामुळे ते एकमेकांना सापडू लागले आहेत. ध्वनी, व्याकरण, शब्दसंग्रह आणि हौस असेल तर लिपीसुद्धा स्वतः ठरवून घडवलेल्या अशा भाषेला ते ‘कॉनलँग’ म्हणतात आणि स्वतःला ‘कॉनलँगर’. या मंडळींच्या आपसातील विनोदांत एक जुने आणि अजूनही चलनात असलेले संक्षिप्त रूप आहे: ‘ॲनाड्यू’. त्यामागील वाक्याचा आशय असा, की हे तर कुठल्या तरी नैसर्गिक भाषेने आधीच करून ठेवले आहे, आणि तेही याहून वाईट तऱ्हेने. आपल्या भाषेत ऐंशी व्यंजने आणि स्वर मात्र दोनच आहेत, असे पृथ्वीवर कुठे असणे शक्यच नाही, असे एखाद्या नवशिक्याने अभिमानाने जाहीर केले, की कोणीतरी ‘ॲनाड्यू’ एवढे लिहून पुढे उबिख भाषेचे नाव जोडतो. मूळच्या कॉकेशसमधील या भाषेत ८४ व्यंजने होती आणि भाषाशास्त्रज्ञांच्या विश्लेषणानुसार मूलभूत स्वर फक्त दोन; ती अस्खलित बोलणारे शेवटचे गृहस्थ तेवफिक एसेंच १९९२ साली तुर्कस्तानात वारले.

या थट्टेतून व्यावसायिकही सुटत नाहीत. ‘स्टार ट्रेक’च्या चित्रपटांसाठी क्लिंगॉन भाषा घडवताना मार्क ओक्रांड या भाषाशास्त्रज्ञाने ती परग्रहावरची वाटावी म्हणून वाक्यात आधी कर्म, मग क्रियापद आणि शेवटी कर्ता असा क्रम मुद्दाम निवडला, कारण माणसांच्या भाषांत तो अत्यंत दुर्मीळ आहे. दुर्मीळ असला तरी तो अस्तित्वात आहे. ब्राझीलमधील हिश्कार्याना भाषेत नेमका हाच क्रम मूलभूत आहे, असे डेस्मंड डर्बीशायर यांनी १९७७ साली, म्हणजे क्लिंगॉनचा शब्दकोश १९८५ मध्ये छापला जाण्याच्या आठ वर्षे आधी, दाखवून दिले होते. मराठीही या खेळात कच्ची नाही. ‘मी आंबा खातो’ म्हणताना क्रियापद खाणाऱ्याकडे पाहते, ‘मी आंबा खाल्ला’ आणि ‘मी पोळी खाल्ली’ म्हणताना ते खाणाऱ्याला सोडून खाल्लेल्या वस्तूकडे पाहते. ही व्यवस्था एखाद्या हौशी माणसाने स्वतःच्या भाषेत आणली, तर नको तिथे गुंतागुंत केल्याचा ठपका त्याच्यावर सहज येईल. ऐकणाऱ्याला धरून ‘आपण’ आणि त्याला वगळून ‘आम्ही’, हा भेद तर नवशिक्यांना इतका मोहात पाडतो, की पहिल्याच भाषेत तो घालणे हाही एक थट्टेचा विषय होऊन बसला आहे.

विनोदाचा अभ्यास करणाऱ्यांच्या दृष्टीने ‘ॲनाड्यू’ हे चांगले उदाहरण आहे. पीटर मॅकग्रॉ आणि केलेब वॉरन यांनी २०१० साली मांडलेल्या सिद्धांतानुसार, एखादा नियम मोडला जात आहे असे जाणवावे आणि त्याच क्षणी त्यात काही धोका नाही हेही जाणवावे, तेव्हा माणसाला हसू येते. यातील पहिली अट कठीण आहे, कारण ज्याला नियमच ठाऊक नाही त्याला तो मोडलेला कळणार कसा? माणसांच्या भाषा साधारण कोणत्या मर्यादेत राहतात, याची काही जाण असल्याशिवाय उबिखचे नाव ऐकून हसू येत नाही. जोसेफ ग्रीनबर्ग यांनी १९६३ साली ३० भाषांची तुलना करून ४५ सार्वत्रिक विधाने मांडली, तेव्हापासून भाषाशास्त्रज्ञ या मर्यादांचा शोध घेत आहेत. कॉनलँगर त्याच मर्यादांवर थट्टा करतात, आणि माझ्या मते एखाद्या प्रास्ताविक पाठ्यपुस्तकाइतके भाषाशास्त्र त्या थट्टेतून नव्या माणसाच्या कानावर पडते. बाकीची नेहमीची टिंगल किरकोळ स्वरूपाची असते. कल्पनारम्य कथांतील नावांमध्ये उगाच पेरलेली अक्षरलोपाची (’) चिन्हे, किंवा इंग्रजीचे व्याकरण जसेच्या तसे ठेवून नुसते शब्द बदललेली ‘नवी’ भाषा, हे तिचे ठरलेले विषय.

लोजबान या भाषेभोवतीचा विनोद याहून खोलात जातो. १९५५ साली जेम्स कूक ब्राऊन यांनी सुरू केलेल्या लोगलान या प्रकल्पातून १९८७ मध्ये लोजबान वेगळी झाली. तिचे व्याकरण तर्कशास्त्रावर बेतलेले आहे आणि कोणत्याही वाक्याची फोड एकाच प्रकारे व्हावी अशी तिची रचना आहे. तिच्याविषयीचा प्रसिद्ध विनोद असा: फुटका प्रकाशाचा दिवा बदलायला किती लोजबानवाले लागतात? उत्तर: दोन. दिवा बदलून त्याचे दुसरे काय करायचे हे ठरवायला एक, आणि फुटका प्रकाश देणारा दिवा कसला असतो हे शोधायला दुसरा. मूळ इंग्रजी प्रश्नात ‘बदलणे’ या क्रियापदाचे दोन अर्थ होतात आणि ‘फुटका’ हे विशेषण दिव्याला लागू आहे की प्रकाशाला, हेही मोकळे राहते. मराठीत विशेषणाचे रूप बरेचसे गुपित आधीच फोडते, त्यामुळे कोटी निम्मीच उतरते. लोजबानमध्ये मात्र ती मुळीच उतरत नाही, कारण जागी दुसरी वस्तू येणे आणि एका वस्तूची दुसरी होणे यांसाठी तिथे वेगवेगळे शब्द आहेत आणि कोणता शब्द कोणाला जोडायचा याचा नियम पक्का आहे. लोजबानविषयीचा सर्वांत गाजलेला विनोद लोजबानमध्ये सांगता येत नाही, हे तिच्या चाहत्यांनाही पुरते ठाऊक आहे.

व्हिक्टर रस्किन यांनी १९८५ साली असे मांडले, की एकाच मजकुरातून परस्परविरोधी अशा दोन परिस्थिती वाचता येणे हा शाब्दिक विनोदाचा गाभा आहे. तसे असेल तर संदिग्धता मुळापासून उपटली की कोटीही गेली. पण नैसर्गिक भाषांनी ही संदिग्धता इतकी शतके बाळगली तरी कशाला? स्टीव्हन पियांटाडोसी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ साली दिलेले उत्तर असे, की अर्थ बहुतेक वेळा संदर्भातून कळतोच, त्यामुळे आखूड आणि उच्चारायला सोपे शब्द अनेक अर्थांसाठी पुन्हा पुन्हा वापरणे भाषेला किफायतशीर पडते. कोटी ही या काटकसरीतून निघालेली वरकड कमाई म्हणायची. लोजबानने हा तोटा वेगळ्या प्रकारे भरून काढला आहे. तिच्यात ‘झोहो’ असा एक अधिकृत शब्द आहे, जो वाक्याला जोडला की आपण हे गमतीने बोलत आहोत असे व्याकरणदृष्ट्या नोंदले जाते. लेखी संवादात थट्टा कळली नाही म्हणून झालेली भांडणे पाहता, ही सोय मला मुळीच हास्यास्पद वाटत नाही.

लुडविक झामेनहोफ यांनी १८८७ साली प्रसिद्ध केलेली एस्पेरांतो ही भाषाही नियमबद्ध आहे, पण तिचे शब्द धातू आणि प्रत्यय जोडून बनतात आणि त्या सांध्यांमध्ये कोट्यांना भरपूर जागा मिळते. ‘सुकेरो’ म्हणजे साखर, पण ‘सुक-एरो’ अशी फोड केली तर रसाचा थेंब. ‘अवारो’ म्हणजे कंजूषपणा, आणि ‘अव-आरो’ म्हणजे आजोबांचा मेळावा. क्लिंगॉनमध्ये असे अपघात फार होत नाहीत, तिथे ओक्रांड यांनी कोट्या स्वतःच पेरल्या आहेत. मासा या अर्थाचा क्लिंगॉन शब्द रोमन लिपीत लिहिला तर इंग्रजीच्या विचित्र वर्णलेखनाची टिंगल करणारे ‘घोती’ (ghoti) हे जुने अक्षरकोडे समोर येते, ज्यातील अक्षरांचे उच्चार निरनिराळ्या इंग्रजी शब्दांतून उचलले तर ‘फिश’ असे वाचता येते. हे कोडे बर्नार्ड शॉ यांच्या नावावर खपवले जाते, पण ते शॉ यांच्या जन्माआधी, १८५५ सालच्या एका पत्रात आढळते. जोडी या अर्थाचा शब्द ‘चांगएंग’ असा आहे, कारण एकोणिसाव्या शतकातील सयामी जुळ्यांची नावे चांग आणि एंग होती. शब्दकोश चाळणाऱ्या बहुतेकांच्या नजरेतून हे निसटते आणि ज्याला सापडते तो तत्काळ आतल्या गोटातला होतो.

रचलेल्या भाषांतील हे विनोद म्हणजे केवळ कोडी सोडवण्यासारखा बौद्धिक व्यायाम आहे, अशी शंका कोणी घेतली, तर तिला निदान अंशतः उत्तर मिळाले आहे. एमआयटीमधील संशोधकांनी एस्पेरांतो, क्लिंगॉन, ‘अवतार’ चित्रपटातील नावी, ‘गेम ऑफ थ्रोन्स’ मालिकेतील उच्च व्हॅलिरियन आणि डोथ्राकी या पाच भाषा जाणणाऱ्या एकूण ४४ जणांच्या मेंदूचे चित्रण केले आणि २०२५ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. या भाषा ऐकताना मेंदूतील तेच भाग कामाला लागतात, जे मातृभाषा ऐकताना लागतात. संगणकाच्या आज्ञावलींच्या भाषा वाचताना तसे घडत नाही, असे त्याच प्रयोगशाळेने आधी दाखवले होते. भाषा एका माणसाने बसून केली की हजारो वर्षांत आपोआप घडली, याची मेंदूला फारशी फिकीर दिसत नाही.

थट्टेतला शब्द खरा शब्द कसा होतो, हे पाहण्याची संधी मात्र टोकी पोना या भाषेइतकी क्वचितच कुठे मिळते. कॅनडातील सोन्या लँग यांनी २००१ साली प्रसिद्ध केलेल्या या भाषेचा बाणा कमीत कमी शब्दांत भागवण्याचा आहे: ९ व्यंजने, ५ स्वर आणि सुमारे १२० शब्द, तेही तीन अक्षरांपलीकडे न जाणारे. मांजर, गाय, कुत्रा, अस्वल या सर्वांसाठी मिळून ‘सोवेली’ हा एकच शब्द पुरतो. अशा भाषेत २००९ च्या एक एप्रिलला लँग यांनी ‘किजेतेसान्ताकालू’ असा सात अक्षरांचा शब्द जाहीर केला आणि त्याचा अर्थ दिला रॅकून, कोआटी, किंकाजू इत्यादींच्या कुळातील प्राणी. किंकाजूच्या फिनिश नावावरून तो बेतला होता. वाघ आणि उंदीर यांत भेद न करणारी भाषा रॅकूनच्या कुळाबाबत एवढी काटेकोर होते, यातच सगळी गंमत होती. पण लोकांनी तो शब्द सोडला नाही. ते या प्राण्याची चित्रे काढू लागले, त्याला गोष्टींत आणू लागले, आणि २०२१ साली बोलणाऱ्यांच्या प्रत्यक्ष वापराची पाहणी करून लँग यांनी शब्दकोश सिद्ध केला, तेव्हा एप्रिल फूलचा हा शब्द त्यात १२० जुन्या शब्दांच्या जोडीला घेतलेल्या १७ महत्त्वाच्या शब्दांमध्ये जाऊन बसला. नैसर्गिक भाषांत एखादा टवाळखोर शब्द कधी जन्मला आणि कधी प्रतिष्ठित झाला, हे बहुधा अंदाजानेच सांगावे लागते. इथे दोन्ही टोकांना तारखा आहेत.

त्याच १७ शब्दांत ‘कोकोसिला’ हा शब्द आहे आणि त्याचे मूळ एस्पेरांतोत आहे. एस्पेरांतो बोलणाऱ्यांच्या मेळाव्यात कोणी आपल्या मातृभाषेत बोलू लागला, तर तो ‘क्रोकोदिली’ म्हणजे मगरपणा करतो असे म्हणतात. पुढे मगरीच्या नातलग प्राण्यांना धरून या थट्टेचे अख्खे कुळ झाले. एकाची मातृभाषा आणि दुसऱ्याने शिकलेली भाषा वापरून बोलणे हा ॲलिगेटरपणा, दोघांचीही मातृभाषा नसलेल्या तिसऱ्याच भाषेत बोलणे हा केमनपणा, आणि जिथे दुसरी भाषा शोभली असती तिथे एस्पेरांतो झाडणे हा सुसरपणा. मुंबईत एकमेकांशी हिंदीत बोलणारी दोन मराठी माणसे या हिशेबाने केमन ठरतात. टोकी पोनात शब्दाच्या सुरुवातीला जोडाक्षर चालत नाही, आणि ‘र’ आणि ‘द’ तर नाहीतच. ‘द’च्या जागी ‘त’ घ्यावा तर ‘ती’ हा उच्चार तिथे निषिद्ध, म्हणून त्याचा ‘सी’ झाला आणि मगर ‘कोकोसिला’ बनली. टोकी पोनातच बोलायचे असे ठरलेल्या जागी परकी भाषा वापरणे, असा त्याचा अर्थ. अशा ठिकाणी नवा माणूस हा शब्द प्रथम ऐकतो आणि त्याचा अर्थ काय, असे इंग्रजीत विचारतो, तेव्हा त्याला वेगळे उत्तर देण्याची गरज उरत नाही.