स्वर्लिंग प्रतिमाने

रडारच्या लक्ष्याकडून परतणारा प्रतिध्वनी सतत कमीजास्त होत असतो. हा चढउतार संभाव्यतेच्या भाषेत मांडणारी चार प्रतिमाने अमेरिकी गणितज्ञ पीटर स्वर्लिंग (१९२९–२०००) यांनी रँड कॉर्पोरेशन या अमेरिकी संशोधन संस्थेत असताना १९५४ साली दिली. स्थिर, म्हणजे प्रतिध्वनी कमीजास्त न होणाऱ्या लक्ष्याचे गणित जे. आय. मार्कम यांनी तिथेच १९४७ साली केले होते.

३० मी. लांबीचे विमान आडवे दिसते आहे आणि रडार १० गिगाहर्ट्झचे, म्हणजे ३ सेंमी. तरंगलांबीचे आहे, असे समजू. नाक, पंख, इंजिनाचे तोंड, शेपूट अशा सगळ्या भागांवरून लहरी परततात आणि एकमेकींत मिसळतात. नाक व शेपटी यांच्या रडारपासूनच्या अंतरांतला फरक पाऊण सेंमी. बदलला, की एकमेकींना बळ देणाऱ्या त्यांच्या लहरी एकमेकींना मारू लागतात. त्यासाठी विमान अंशाच्या पन्नासाव्या भागाइतकेही वळावे लागत नाही. पडद्यावरून क्षणभर नाहीसे झालेले विमान म्हणजे यंत्रातला बिघाड नव्हे.

पहिल्या दोन प्रतिमानांत साधारण सारख्या ताकदीचे अनेक परावर्तक असतात आणि प्रतिध्वनीची शक्ती घातांकी वितरण पाळते, म्हणजे कमी शक्ती वारंवार आणि जास्त शक्ती क्वचित आढळते. तिसऱ्या-चौथ्यात एक मोठा परावर्तक व बाकीचे बारीक. पहिल्यात व तिसऱ्यात प्रतिध्वनी अँटेनाच्या फेरीगणिक बदलतो, दुसऱ्यात व चौथ्यात स्पंदागणिक, म्हणजे रडारने सोडलेल्या लहरींच्या दर झोतागणिक.

या चढउताराची किंमत मोठी आहे. एकाच स्पंदावरून लक्ष्य ९० टक्के वेळा सापडावे आणि खोटा इशारा १० लाखांत एकदाच मिळावा, यासाठी स्थिर लक्ष्याला संकेत गोंगाटापेक्षा सुमारे १३ डेसिबल (दर १० डेसिबलला शक्ती दसपट) वर लागतो. पहिल्या प्रतिमानात सुमारे २१. म्हणजे शक्ती सहापटीहून अधिक! कारण घातांकी वितरणात प्रतिध्वनी सरासरीच्या दशांशाखाली जाण्याची शक्यता साडेनऊ टक्के असते. पहिल्या प्रकारात तर त्या फेरीतले सगळेच स्पंद बुडतात. स्पंदागणिक वारंवारता बदलत राहिले तर लक्ष्य दुसऱ्या प्रकारासारखे वागू लागते आणि हे नुकसान बरेचसे भरून निघते.

आकलनातही सावध राहावे लागते. सरासरी शक्तीचा अंदाज २५ स्वतंत्र नमुन्यांवरून काढला, तरी त्यात २० टक्के प्रमाणित त्रुटी उरते. नमुन्यांची सरासरी डेसिबलमध्ये काढणे ही तर नेहमीची चूक. त्याने उत्तर अडीच डेसिबलने कमी येते. आधी शक्तीची सरासरी घ्यावी, डेसिबल नंतर.

वर्गीकरणासाठी गोंगाट वजा करून सरासरीच्या वर्गाला प्रचरणाने, म्हणजे सरासरीपासूनच्या फरकांच्या वर्गांच्या सरासरीने, भागतात. भागाकार १ च्या आसपास आला तर पहिली जोडी, २ च्या आसपास आला तर दुसरी. मोजक्या नमुन्यांवर हा निवाडा करू नये. शिवाय लक्ष्य नेमके कोणते, हे त्यातून कळत नाही. त्यासाठी चढउताराची लय पाहावी लागते. हेलिकॉप्टरचे पाते रडारच्या दृष्टिरेषेला काटकोनात आले की प्रतिध्वनी एकदम उसळतो. दोन पात्यांचा पंखा सेकंदाला ५ फेरे घेत असेल, तर अशा १० उसळ्या मोजता येतात.