कन्सोल खेळांसाठी दूरचित्रवाणीचे चित्र-समायोजन

व्हिडिओ गेम कन्सोलमधून येणारे चित्र टीव्हीच्या पडद्यावर कमीत कमी विलंबाने आणि खेळ बनवणाऱ्यांना अभिप्रेत असलेल्या काळोख-उजेडाच्या व रंगांच्या प्रमाणात दिसावे, यासाठी टीव्ही आणि कन्सोल या दोहोंवरील सेटिंग परस्परांशी जुळवून घेण्याची प्रक्रिया. चित्रपट किंवा क्रिकेटचा सामना पाहण्यासाठी केलेल्या मांडणीपासून ही मांडणी एका मूलभूत बाबतीत वेगळी पडते. प्रेक्षकाला चित्र व आवाज दोन्ही सारखेच उशिरा मिळाले तर काही कळत नाही. खेळणाऱ्याला मात्र बटण दाबणे आणि त्याचा परिणाम पडद्यावर दिसणे यांतील अंतर सेकंदाच्या काही शतांशांचे असले तरी जाणवते.

भारतात १९८२ पासून रंगीत प्रसारण पाल पद्धतीने, म्हणजे ६२५ रेषा व सेकंदाला ५० फील्ड (एकाआड एक रेषांची अर्धी चित्रे) या हिशेबाने होत आले. जपान व अमेरिकेतील कन्सोल ५२५ रेषा व सुमारे ६० फील्ड या हिशेबाने घडवलेले होते. साठच्या गतीसाठी लिहिलेला खेळ फेरफार न करता पन्नासवर चालवला, की तो सुमारे एक षष्ठांशाने मंदावतो. पुण्यात सिंहगडावरील मनोऱ्यावरून येणारे दूरदर्शनचे प्रक्षेपण अँटेनाच्या ज्या सॉकेटमधून टीव्हीत शिरे, त्याच सॉकेटमध्ये नव्वदच्या दशकात फॅमिकॉम या निन्टेन्डोच्या जपानी कन्सोलच्या नकलांची तार खोचली जाई. त्या काळचे समायोजन म्हणजे चॅनल बारीक जुळवणे आणि चित्र वरखाली सरकू लागले की ‘व्ही-होल्ड’ची कळ फिरवणे, एवढेच होते. पिक्चर ट्यूबच्या संचांत वीजदाब उतरला की चित्र आक्रसत असे. कडेला काळी पट्टी दिसू नये म्हणून चित्र चौकटीबाहेर थोडे पसरवून ठेवण्याची, म्हणजे ओव्हरस्कॅनची, प्रथा पडली. ट्यूब गेली तरी ही सवय अनेक सपाट संचांत टिकून आहे. चित्र काही टक्के ताणले गेल्याने ते किंचित धूसर होते आणि खेळातील नकाशा वा गुणफलक कडेला कापला जातो. ‘जस्ट स्कॅन’, ‘स्क्रीन फिट’, ‘फुल पिक्सेल’ अशा निरनिराळ्या नावांखाली असलेला पर्याय निवडला की हा दोष जातो.

ट्यूबचा संच आलेला संकेत जवळजवळ त्याच क्षणी पडद्यावर उमटवीत असे. सपाट पडद्याचे संच चित्र आधी साठवतात, त्यावर संस्करण करतात आणि मग दाखवतात. हालचाल गुळगुळीत करण्याच्या सुविधेला दोन चौकटींमधली (म्हणजे एकामागून एक येणाऱ्या स्थिर चित्रांमधली) नवी चौकट रचण्यासाठी पुढची चौकट येईपर्यंत थांबावेच लागते. ६० चौकटींच्या संकेतात एका चौकटीचा काळ १६.७ मिलिसेकंद, १२० च्या संकेतात ८.३ मिलिसेकंद असतो. हे संस्करण वगळणारा ‘गेम मोड’ उच्च विभेदनाचे (एचडी) संच व कन्सोल घरोघर येऊ लागले त्या सुमारास, म्हणजे साधारणतः २००५ ते २०१० या काळात, रूढ झाला असे मानण्यास जागा आहे. विलंब मोजणारी उपकरणे पडद्यावर पांढरा चौकोन चमकवून तो फोटोडायोडने टिपतात. चित्र वरून खाली रेखाटले जात असल्याने ६० हर्ट्झला पडद्याच्या मध्यभागी घेतलेले माप वरच्या कडेच्या मापापेक्षा सुमारे ८ मिलिसेकंद जास्त भरते. दोन परीक्षणांतील आकड्यांची तुलना करताना हे ध्यानात घ्यावे लागते. जाहिरातींत ते घेतले जातेच असे नाही. नोव्हेंबर २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एचडीएमआय २.१ या जोडणीच्या मानकाने कन्सोल सुरू होताच टीव्हीने आपणहून गेम मोडमध्ये जाण्याची आणि चौकटींच्या बदलत्या गतीशी पडद्याने जुळवून घेण्याची सोय केली. यातली दुसरी सोय प्लेस्टेशन ५ वर एप्रिल २०२२ मध्ये आली.

‘ब्राइटनेस’ची पट्टी परंपरेने काळ्याची पातळी ठरवते, ‘कॉन्ट्रास्ट’ पांढऱ्याची, आणि पडद्यामागचा उजेड ‘बॅकलाइट’ ठरवतो. काही नव्या संचांत मात्र ‘ब्राइटनेस’ हे नावच बॅकलाइटला दिलेले आढळते. ० ते २५५ या मोजपट्टीवर कन्सोल काळा रंग ० या अंकाने पाठवीत असेल आणि टीव्ही तो १६ वर अपेक्षित असेल, तर अंधाऱ्या गुहेतील सगळे तपशील बुजतात. उलट घडल्यास काळा राखाडी दिसतो. हा दोष पट्ट्या सरकवून निघत नाही, दोन्हीकडची आरजीबी व्याप्ती, म्हणजे काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतच्या अंकांचा पल्ला, एकसारखी करावी लागते. ‘शार्पनेस’ वाढवल्याने तपशील वाढत नाही, गुणांच्या आकड्यांभोवती पांढरी किनार तेवढी उमटते.

पांढरा कोणता धरावा, याविषयी मतभेद आहेत. उच्च विभेदनाच्या चित्रासाठीच्या रेक. ७०९ या मानकात डी६५ हा, म्हणजे सुमारे ६५०० केल्विनचा (केल्विनचा आकडा जितका मोठा तितका पांढरा निळसर), पांढरा सांगितला आहे आणि बहुतेक संचांवर तो ‘वॉर्म’ या पर्यायाच्या जवळ सापडतो. परंतु जपानमधील संच दीर्घकाळ ९३०० केल्विनच्या निळसर पांढऱ्यावर बेतलेले असत. त्यामुळे तेथील आठ व सोळा बिटांचे जुने खेळ त्याच पांढऱ्यात पाहावेत, असे एक मत आहे. ते खेळ जगभर निरनिराळ्या संचांवर विकले गेले, तेव्हा त्यांना एकच पांढरा चिकटवणे योग्य नाही, असे दुसरे मत आहे आणि ते अधिक ग्राह्य वाटते. उच्च विभेदनाच्या कन्सोलपासून पुढे मात्र डी६५ सोडण्यास सबळ कारण दिसत नाही. पुण्यातील घरांत ‘वॉर्म’ चित्र पिवळट वाटते, ही तक्रार सवयीची आहे : दुकानात संच निळसर, भडक ‘व्हिविड’ मांडणीत ठेवलेले असतात आणि डोळा तोच पांढरा खरा मानू लागतो. एक-दोन दिवसांत ही तक्रार बहुधा मावळते. येथील फिल्म इन्स्टिट्यूटसारख्या संस्थांत रंगसंस्काराचे शिक्षण घेतलेल्यांना डी६५ नवा नसतो.

एचडीआर, म्हणजे काळोख-उजेडाचा पल्ला वाढवलेल्या चित्राच्या, खेळांत वाद अधिक तांत्रिक होतो. २०१४ च्या एसटी २०८४ या मानकानुसार संकेत १०,००० निटपर्यंतची (निट हे तेजस्वितेचे एकक) तेजस्विता सांगू शकतो. घरगुती संच त्याच्या लहानशा भागापर्यंतच पोहोचतात. उरलेला पल्ला कसा दाबायचा हे टीव्हीने ठरवावे की कन्सोलने, हा प्रश्न आहे. टीव्ही दर दृश्यागणिक दाब बदलीत असेल, तर कन्सोलवरील जुळणीच्या पडद्यातील खूण ‘जेमतेम दिसेल’ अशी करताना आकडा संचाच्या खऱ्या क्षमतेच्या कितीतरी वर जातो, कारण टीव्ही ती खूण पुन्हा पुन्हा दिसती करतो. परिणामी खेळ आणि टीव्ही दोघेही आपापल्या परीने तेज दाबतात. टीव्हीच्या सेटिंगमधील ‘एचजीआयजी’ हा पर्याय टीव्हीचा हा हस्तक्षेप थांबवतो. ८०० निटांच्या संचावर खूण ८०० च्या आसपास नाहीशी होते आणि तीच मर्यादा कन्सोलला कळते. उजेडाच्या खोलीत असे चित्र मंद वाटते, हा त्यावरील आक्षेप खरा आहे. तरीही ढग, ज्वाळा यांतील तपशील टिकवायचे असतील तर हाच पर्याय इष्ट. टीव्हीवरील निवड आधी आणि कन्सोलवरील जुळणी नंतर, हा क्रम मात्र दोन्ही पक्षांना मान्य आहे.

तारेबाबत थोडक्यात : १२० हर्ट्झवर ४के चित्रासाठी सेकंदाला ४८ गिगाबिट क्षमतेची ‘अल्ट्रा हाय स्पीड’ एचडीएमआय तार लागते. बुधवार पेठेतील तपकीर गल्लीत ती घेताना वेष्टनावरील प्रमाणन चिठ्ठी पाहून घ्यावी. टीव्हीची सर्वच सॉकेट एवढ्या क्षमतेची नसतात.

एप्रिलमध्ये दुपारी बाल्कनीचे दार उघडे असलेला हॉल आणि रात्रीची तीच खोली यांत एकच मांडणी चालत नाही. दिवसासाठी केवळ बॅकलाइट वाढवावा, काळ्याची पातळी हलवू नये. संचाचा प्रकाश-संवेदक खेळताना बंद ठेवलेला बरा, कारण पावसाळ्यात आभाळ भरून आले की तो मध्येच चित्र मंद करतो आणि अंधाऱ्या कोपऱ्यातला शत्रू दिसेनासा होतो.