रॅक येण्याआधीची खोली

सर्व्हर रॅकची, म्हणजे सर्व्हर एकावर एक बसवायच्या उंच कपाटाची, ऑर्डर पक्की झाली की रॅकच्या बऱ्याच आधी पुरवठादाराकडून प्रश्नांची एक यादी येते. ट्रक कुठे लागेल, रॅम्पला चढ किती आहे, लिफ्ट किती वजन उचलते, दार किती रुंद नि उंच आहे, फरशी किती भार पेलते, वीज आणि अर्थिंग कुठवर आलं आहे. पुष्कळ कार्यालयांत ही यादी घाईघाईने भरून परत धाडली जाते. तसं होऊ नये असं मला मनापासून वाटतं, कारण या प्रश्नांनी संगणकाचा आकारच बदलून टाकला आहे.

31 मार्च 1951 रोजी अमेरिकेच्या जनगणना विभागाने पहिला युनिव्हॅक संगणक स्वीकारला, पण यंत्र फिलाडेल्फियाच्या कारखान्यातून हललंच नाही. पूर्ण जुळलेलं तेवढं एकच यंत्र असल्याने कंपनीला ते प्रात्यक्षिकांसाठी हवं होतं. शिवाय सुमारे 5,000 निर्वात नळ्यांचं, कित्येक टनांचं ते नाजूक धूड सुटं करायचं, वाहून न्यायचं आणि पुन्हा जोडायचं, याची धास्तीही होती. जनगणनेचं काम मग कारखान्यातच चाललं. यंत्र विभागाकडे रवाना झालं ते 1952 च्या डिसेंबरात.

त्याच सुमारास आयबीएमच्या अभियंत्यांनी 701 हा संगणक वेगवेगळ्या कपाटांत विभागून बांधला. प्रत्येक कपाट साध्या दारातून आत जाईल आणि लिफ्टमध्ये मावेल अशी मापं ठरवली. ग्राहकाच्या इमारतीचं दार आता यंत्राच्या आराखड्यात आलं होतं. माझ्या मते या विषयातलं सर्वांत मोठं वळण हेच.

मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेने वाहतुकीचा प्रश्न येऊच दिला नाही, कारण तिथला टिफ्रॅक संस्थेतच घडला. 1960 मध्ये कामाला लागलेल्या त्या संगणकाची पोलादी चौकट 18 फूट लांब आणि 8 फूट उंच होती. 1964 मध्ये मात्र याच संस्थेत सीडीसी 3600 हे अमेरिकी यंत्र बाहेरून आलं.

सिस्टीम/360 या 1960 च्या दशकातल्या संगणकमालिकेच्या काळात आयबीएम जागेच्या नियोजनाची स्वतंत्र पुस्तिका देत असे. प्रत्येक कपाटाचं वजन, त्यातून निघणारी उष्णता, दुरुस्तीसाठी भोवती सोडायची मोकळी जागा, केबलच्या लांबीची मर्यादा, सगळं त्यात असे. खोलीत फॉल्स फ्लोअर, म्हणजे मूळ फरशीच्या वर उचललेली दुसरी फरशी, बसवून त्याखालून केबल आणि थंड हवा नेण्याची पद्धतही याच पिढीत रुळली. आजच्या यादीचा सांगाडा तिथलाच आहे.

रॅक मात्र संगणकाआधीचा. 19 इंची चौकट टेलिफोन एक्सचेंजमधून आली. रॅकची उंची ‘यू’मध्ये मोजतात. एक ‘यू’ म्हणजे पावणेदोन इंच. म्हणून 42 यू म्हणजे साडेत्र्याहत्तर इंच नुसती आतली उंची. त्यात चाकं, छत आणि पॅकिंग धरलं की सात फुटी दार अपुरं पडू शकतं. रॅक आडवा करून नेता येत नाही. आत उपकरणं बसवून आलेला असेल तर मुळीच नाही.

सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं ते फरशीकडे. आपल्याकडे कार्यालयाचा मजला साधारणपणे चौरस मीटरला 250 ते 400 किलो भार धरून आखलेला असतो. 600 मिलिमीटर रुंद आणि 1200 मिलिमीटर खोल रॅक भरून 1,000 किलोचा झाला, तर त्याच्या पायाखाली चौरस मीटरला जवळपास 1,400 किलो पडतात. तेही चार चाकांवर एकवटून. रॅक जागेवर पोचेपर्यंत वाटेतल्या प्रत्येक फरशीला हा भार पेलायचा असतो. त्यामुळे स्ट्रक्चरल इंजिनिअरचं मत ट्रक निघण्याआधीच घ्यावं. फॉल्स फ्लोअरवरून नेताना जाड प्लायवूड किंवा लोखंडी पत्रा अंथरावा.

थंडाव्याची शिस्त पुढे आली. गरम आणि थंड हवेच्या मार्गिका वेगळ्या ठेवण्याची मांडणी 1990 च्या दशकात आयबीएममधून पसरली. 2004 मध्ये वातानुकूलन अभियंत्यांच्या आश्रे या अमेरिकी संस्थेने सर्व्हरमध्ये शिरणाऱ्या हवेच्या तापमानाची मार्गदर्शक मर्यादा छापली आणि 2008 मध्ये ती 18 ते 27 अंश सेल्सिअस अशी रुंदावली.

आता थंडाव्यासाठी पाणी आलं आहे. 1945 च्या सुमाराला एनिॲक या सुरुवातीच्या संगणकाला आख्ख्या दालनात मिळून सुमारे 150 किलोवॅट वीज लागे. आज कृत्रिम बुद्धिमत्तेसाठीचा एनव्हिडियाचा एकच रॅक सुमारे 120 किलोवॅट घेतो आणि त्याचं वजन तेराशे किलोंच्या पुढे जातं. एवढी उष्णता नुसत्या हवेने निघत नाही. पुण्याच्या आयसर या विज्ञान संस्थेत 2019 मध्ये बसलेला परम ब्रह्म हा महासंगणक द्रवाने थंड होतो. अशा ठिकाणी यादीत नळाचा व्यास, पाण्याचा दाब, गळतीचे सेन्सर असे रकाने वाढतात. नळांची दाबचाचणी आणि आतली धुलाई रॅक दारात येण्याआधीच उरकावी लागते, कारण एकदा रॅक उभे राहिले की जोडांपर्यंत हात पोचत नाही.