ट्राय रेषेजवळचे आक्रमण (रग्बी लीग)

रग्बी लीगमध्ये चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या शेवटच्या वीस मीटरांत पोहोचल्यावर ट्राय (चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या ट्राय रेषेपलीकडे जमिनीवर टेकवून मिळणारे गुण) मिळवण्यासाठी आक्रमक संघ जी आखीव चढाई करतो, तिच्याविषयीची ही नोंद. या पट्ट्यात निव्वळ ताकदीचे काम असते, हा समज अर्धाच खरा आहे. बचाव फळी रेषेवर नीट उभी राहण्याआधी चेंडू पुन्हा खेळात आला की नाही, यावर इथले बहुतेक डाव ठरतात.

रग्बी लीगचा उगम 1895 सालचा. कामगार खेळाडूंना बुडालेल्या मजुरीची भरपाई द्यावी की नाही, या वादातून उत्तर इंग्लंडमधील क्लबांनी हडर्सफील्ड येथे रग्बी युनियनशी फारकत घेतली. 1906 मध्ये पंधराचे तेरा खेळाडू झाले. चेंडू किती वेळ आपल्याकडे ठेवायचा यावर 1960च्या दशकात चार टॅकलची (टॅकल म्हणजे चेंडू असलेल्याला धरून अडवणे) मर्यादा आली आणि 1970च्या दशकाच्या आरंभी ती सहा टॅकलची झाली. 1983 पासून ट्रायला चार गुण मिळतात. त्यानंतरच्या यशस्वी किकचे आणखी दोन. ऑस्ट्रेलियाचा पूर्व भाग, उत्तर इंग्लंड, न्यूझीलंड आणि पापुआ न्यू गिनी येथे हा खेळ मुरलेला आहे. भारतात रग्बी म्हणून सहसा दिसतो तो रग्बी युनियनचा सात जणांचा प्रकार. मराठवाड्यात या खेळाकडे वळणारा मुलगा किंवा मुलगी बहुधा कबड्डी, खो-खो किंवा कुस्तीतून आलेली असणार. त्यांच्या अंगवळणी पडलेल्या गोष्टींपैकी कोणत्या कामी येतात आणि कोणत्या आड येतात, हेही पुढे ओघाने येईल.

जागेचे गणित

टॅकल पूर्ण झाला की बचाव संघाला दहा मीटर मागे जावे लागते. फक्त दोन बचावपटू, म्हणजे मार्कर, चेंडूसमोर उभे राहू शकतात. पण टॅकल ट्राय रेषेपासून पाच मीटरवर झाला असेल, तर बचाव संघ रेषेवरच उभा राहतो. म्हणजे आक्रमकांना दहाऐवजी पाचच मीटर मोकळे मिळतात. जितके जवळ जाऊ तितकी जागा आटते. धिप्पाड खेळाडूंना सलग तीन वेळा रेषेवर धडकवून चौथ्या टॅकलला दोन मीटरवर अडकून पडणारे संघ पाहिले, की रेषेपासून आठ-दहा मीटरवर, पण योग्य ठिकाणी झालेला टॅकल अधिक मोलाचा का, ते कळते.

मैदानाची रुंदी 68 मीटर. तेरा बचावपटूंपैकी दोन मार्कर आणि मागे थांबलेला फुलबॅक वजा केला, तर रेषेवर दहा जण उरतात. प्रत्येकाच्या वाट्याला जेमतेम सात मीटर. एवढी जागा जागरूक खेळाडू सहज राखतो. त्यामुळे रेषेवरची फट आयती सापडत नाही, ती पाडावी लागते. एका बाजूला दोन टॅकल घेऊन बचावाचे लोक तिकडे ओढायचे आणि ते परतत असतानाच चेंडू दुसऱ्या बाजूला न्यायचा, हा त्याचा सर्वात जुना मार्ग. टॅकल दोन्ही पोस्टच्या मधोमध झाला, तर बचावाला माणसे दोन्हीकडे वाटावी लागतात. तो बाजूरेषेपासून पंधरा-वीस मीटरवर झाला, तर एक बाजू अरुंद आणि दुसरी ऐसपैस होते. ऐसपैस बाजूकडे सगळ्यांचे लक्ष असताना अरुंद बाजूने घुसण्याची चाल अजूनही फसवते.

चीत न होण्याची कला

टॅकल झालेल्या खेळाडूने उठायचे, तोंड पुढे करून चेंडू जमिनीवर ठेवायचा आणि पायाने मागे सरकवायचा. याला प्ले-द-बॉल म्हणतात. हे जितक्या चटकन होईल तितके मार्कर आणि रेषेवरचे लोक बेसावध सापडतात. म्हणून टॅकल होतानाच पोटावर किंवा गुडघ्या-कोपरांवर पडायचे, म्हणजे उठायला वेळ लागत नाही. बचावपटूंची सारी धडपड त्याला पाठीवर लोळवण्याची. पाठीवर गेला की आधी कुशीवर यायचे, मग गुडघ्यावर, मग उभे राहायचे. तेवढ्यात रेषा भरून निघते. ऑस्ट्रेलियातील क्लबांनी यासाठी कुस्तीचे प्रशिक्षक नेमले, ते उगाच नाही.

इथे तालमीतला गडी दोन पावले पुढे असतो. पाठ लागू द्यायची नाही हे त्याला लहानपणापासून शिकवलेले असते. बीड जिल्ह्यातील पाटोद्याच्या राहुल आवारे यांनी 2018 च्या राष्ट्रकुल स्पर्धेत 57 किलो गटाचे सुवर्णपदक घेतले ते गोल्ड कोस्टला, म्हणजे रग्बी लीगच्या अगदी माहेरघरात. योगायोगच, पण लक्षात राहणारा. मात्र कुस्तीगीराची एक सवय मोडावी लागते. तो पकडीत सापडला की सुटेपर्यंत झुंजत राहतो. लीगमध्ये दोघा-तिघांनी धरल्यावर उभ्या-उभ्या झुंजत राहिलात तर रेफरी टॅकल पूर्ण झाल्याचे जाहीर करतो आणि तोवर बचाव ऐटीत मांडणी करून बसलेला असतो. एकदा अडलो असे कळले की झटक्यात खाली जाऊन उठणे हाच शहाणपणा.

चेंडू मागे आला की तो उचलणारा डमी हाफ ठरवतो की पास द्यायचा की स्वतः घुसायचे. एखादा मार्कर तिरका उभा असेल तर त्याच्या बगलेतून दोन-तीन पावलांत रेषा गाठता येते. मेलबर्न स्टॉर्मचा कॅमेरॉन स्मिथ हा या जागेचा आदर्श मानला जातो. ना वेग ना आडदांड देह, तरी एनआरएलमध्ये, म्हणजे ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडच्या क्लबांच्या मुख्य स्पर्धेत, 400 सामने खेळणारा तो पहिला खेळाडू. कारण समोरच्याच्या पायांची ठेवण तो आधी वाचत असे.

हूल आणि तिची मर्यादा

बाहेरच्या पट्ट्यात हाफबॅक, म्हणजे डाव चालवणारा खेळाडू, चेंडू घेऊन रेषेच्या दिशेने धावतो. त्याच्या बगलेत एक खेळाडू जवळून तिरका घुसतो आणि त्याच्या पाठीमागून फुलबॅक वळसा घेऊन बाहेर निघतो. बचावपटूने जवळच्याला धरले तर मागचा सुटतो, आणि मागच्यासाठी थांबला तर जवळचा आत शिरतो. हाफबॅकने चेंडू दोन्ही हातांत, छातीसमोर धरणे ही इथली कळीची गोष्ट. चेंडू काखेत गेला की पास येणार नाही हे समोरच्याला आधीच कळते आणि हूल तिथेच संपते. हाफबॅक स्वतःही रेषेला धोका आहे असे बचावाला वाटायला हवे. 2023 च्या एनआरएल अंतिम सामन्यात 24-8 असा मागे पडलेला पेनरिथ संघ ब्रिस्बेनवर 26-24 असा जिंकला, तेव्हा निर्णायक ट्राय हाफबॅक नेथन क्लिअरीने स्वतः धावून केला होता.

चेंडू न मिळालेला धावणारा बचावपटूला अडवून गेला तर अडथळ्याचा दोष लागतो आणि ट्राय रद्द होतो. म्हणून हूल देणाऱ्याने रेषेपर्यंत थेट पोहोचून थांबू नये, दोन बचावपटूंच्या मधल्या जागेतून पार व्हावे. रेषेजवळ जागा कमी असल्याने मागून येणाऱ्यांनी चांगले अंतर ठेवून, पळत्या वेगात चेंडू घ्यावा लागतो; उभ्याने पास घेणारा तिथेच सापडतो.

किक

सहाव्या टॅकलला सापडले तर चेंडू प्रतिस्पर्ध्याकडे जातो, म्हणून पाचव्यानंतर बहुधा किक मारली जाते. पायाने जमिनीलगत सरपटवलेली ग्रबर इन-गोलमध्ये, म्हणजे ट्राय रेषेच्या मागच्या पट्ट्यात गेली आणि बचावपटूला तिथेच पकडले, तर त्याच्या संघाला पोस्टखालून ड्रॉप किक (चेंडूचा जमिनीवर टप्पा पाडून मारलेली किक) मारावी लागते. चेंडू बहुतेक वेळा पुन्हा आक्रमकांकडे येतो आणि सहा टॅकल नव्याने सुरू होतात. चांगले संघ या फेरीवर ट्रायइतकाच भरवसा ठेवतात, कारण थकलेल्या बचावाकडून चूक होतेच. पण किक जोरात गेली आणि चेंडू इन-गोलच्या मागच्या डेड रेषेपार गेला, तर एनआरएलमध्ये प्रतिस्पर्ध्याला वीस मीटरवरून सात टॅकल मिळतात. उंच मारलेला बॉम्ब आणि बाजूरेषेलगतच्या खेळाडूकडे, म्हणजे विंगरकडे मारलेली आडवी किक ही आणखी दोन हत्यारे. त्यांत उडी मारून झेल घेणारा गडी लागतो, नाहीतर ती नुसती देणगी ठरते.

रेषेवरचा क्षण

चेंडू हाताने किंवा दंडाने जमिनीवर दाबला की ट्राय. इन-गोलमध्ये मोकळा पडलेला चेंडू छातीखाली घेऊन झाकला तरी चालतो. रेषेपलीकडे धरून ठेवल्याने चेंडू टेकवता आला नाही, तर दहा मीटरवरून प्ले-द-बॉल होतो.

कबड्डीपटू इथेच चुकतो. पकडला गेलेला चढाईपटू सरपटत, हात लांबवत मधली रेषा शिवला तर तो वाचतो, उलट पकडायला आलेलेच बाद होतात. परभणी असो वा नांदेड, शाळेच्या मैदानावर त्याच एका बोटाने सामने फिरतात. लीगमध्ये मात्र धरलेल्या खेळाडूचा चेंडू असलेला हात जमिनीला लागला की टॅकल संपला. त्यानंतर हात पुन्हा पुढे लांबवून चेंडू टेकवला तर दुहेरी हालचालीचा दोष, आणि पेनल्टी. जमिनीवर पडल्यावर पहिल्याच वेगात घसरत तो रेषेपार गेला असेल, तर ट्राय ग्राह्य. फरक घसरण्यात आणि नव्याने हात पुढे करण्यात आहे. तो शब्दांत सांगून नव्हे, करून घेऊनच अंगात भिनतो.

कोपऱ्यावर चित्र उलटे होते. विंगरचा पाय किंवा शरीराचा कोणताही भाग बाजूरेषेबाहेर टेकण्याआधी चेंडू आत टेकायला हवा, म्हणून तो हवेत आडवा झेपावतो. खो-खोतला खांबाजवळचा सूर ज्याने हजारदा मारला आहे, त्याला ही झेप नवी नाही. धाराशिवच्या सारिका काळे यांना 2020 साली खो-खोसाठी अर्जुन पुरस्कार मिळाला. त्या परंपरेतल्या मुलींकडे ही चपळाई तयारच असते. कोपऱ्यातल्या ट्रायची किंमत मात्र पुढच्या किकमध्ये मोजावी लागते, कारण ती ट्राय झाला त्या जागेच्या सरळ रेषेतून मारायची असते. 2015 च्या एनआरएल अंतिम सामन्यात वेळ संपत असताना नॉर्थ क्वीन्सलंडच्या काइल फेल्टने मायकल मॉर्गनच्या पासवर उजव्या कोपऱ्यात ट्राय केला आणि 16-16 अशी बरोबरी झाली. जोनाथन थर्स्टनची बाजूरेषेजवळून मारलेली किक पोस्टला लागून फिरली, आणि जादा वेळेत त्याच्याच ड्रॉप गोलवर संघ 17-16 ने जिंकला. तोच ट्राय पोस्टजवळ झाला असता तर जादा वेळ लागलाच नसता. म्हणून बाहेर पोहोचल्यावर शक्य असेल तर आत वळून पोस्टकडे सरकण्याची सवय लावतात.

मराठवाड्यात सराव

पूर्ण मैदान क्वचितच मिळते, आणि या भागाच्या सरावाला ते लागतही नाही. शाळेच्या मैदानावर 34 मीटर रुंद, 20 मीटर खोल पट्टा फक्कीने आखावा आणि रेषेमागे सहा मीटरचे इन-गोल ठेवावे. बचावाला एक मार्कर आणि रेषेवर पाच जण दिले, की प्रत्येकाची जागा खऱ्या सामन्याइतकीच राहते. आक्रमणाला सात जण द्यावेत. बाहेर बसलेल्यांनी टॅकल मोठ्याने मोजावेत, म्हणजे पाचव्याला किक मारण्याचा निर्णय कुणी विसरत नाही.

काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते आणि ढेकळे वीटेसारखी होतात. मुरमाचे मैदान कोपर-गुडघे सोलते. अशा ठिकाणी पूर्ण टॅकल करू नये, दोन हातांचा स्पर्श म्हणजे टॅकल असे धरावे. पडण्याचा, पोटावर उतरून उठण्याचा आणि दुहेरी हालचाल टाळण्याचा सराव तालमीच्या लाल मातीच्या हौद्यात घ्यावा. पावसाळ्यात काळी माती बुटाला किलोकिलोने चिकटते. त्या दिवसांत पळायचे सोडून ओल्या चेंडूने पास आणि ग्रबर पक्की करावी. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीपार जातो, तेव्हा सराव सकाळी आठपर्यंत आटोपलेला बरा.