आरंभशूर म्हणून हिणवलेली माणसं

वेंधळी, धांदरट, आळशी, आरंभशूर. अशा माणसांना नावं ठेवताना आपल्याकडे शब्द कधी कमी पडले नाहीत. गॅसवर दूध ठेवून विसरणारी, खात्यात पैसे असून विजेचं बिल थकवणारी, दर नव्या वहीची चारच पानं भरणारी. त्यांच्यातल्या काहींना चाळिशी उलटल्यावर कळतं, की आपल्याला लहानपणापासून एडीएचडी आहे, म्हणजे 'अटेन्शन डेफिसिट हायपरअॅक्टिव्हिटी डिसऑर्डर', लक्ष आणि चंचलपणाशी निगडित मेंदूच्या वाढीतला विकार.

'अटेन्शन डेफिसिट' हे नाव तसं फसवं. लक्ष भरपूर असतं, ते हवं तिकडे वळवणं अवघड जातं. कपाळामागचा प्रीफ्रंटल कॉर्टेक्स कामाला सुरुवात करणं, वेळेचा अंदाज बांधणं, हातातलं काम ध्यानात ठेवणं अशा गोष्टी सांभाळतो. त्यासाठी डोपामिन आणि नॉरअॅड्रेनलिन या रसायनांचे संदेश नीट पोचावे लागतात, आणि एडीएचडीत नेमकी तिथेच गडबड असते. काम अगदी गळ्याशी आलं, की तेच माणूस रात्रभर जागून ते पुरं करतं. मग घरचे म्हणतात, "मनात आणलं तर जमतं की तुला!" मला हे वाक्य फार क्रूर वाटतं. त्या एका रात्रीसाठी किती भीती आणि शरम खर्ची पडली, हे कुणाला दिसत नाही.

इतकी वर्षं कळत कसं नाही? एडीएचडी म्हटलं की डोळ्यांपुढे येतो तो वर्गात उड्या मारणारा मुलगा. खिडकीबाहेर बघत गप्प बसलेल्या मुलीची तक्रार कोण करणार? शिवाय शाळेची घंटा, आईच्या हाका, जात्याच असलेली हुशारी यांच्या टेकूवर बरंच निभावतं. नोकरी, संसार, मूल आलं की टेकू सुटतात. अनेक आयांना तर मुलाच्या तपासणीत डॉक्टरांचे प्रश्न ऐकतानाच स्वतःचं बालपण आठवतं. ते स्वाभाविकच आहे, कारण यात आनुवंशिकतेचा वाटा ७० ते ८० टक्के मानला जातो.

निदानासाठी रक्ताची चाचणी नाही, स्कॅनही नाही. मानसोपचारतज्ज्ञ सविस्तर बोलतात. थायरॉइड, झोप, नैराश्य, चिंता यांचाही विचार करतात. २०१३ च्या डीएसएम-५ या निदानपुस्तिकेने मोठ्यांसाठी किमान लक्षणं सहावरून पाचवर आणली, पण त्यांतली काही वयाच्या १२ वर्षांआधी दिसलेली असावी लागतात. म्हणून आईवडिलांना विचारतात, माळ्यावरची प्रगतिपुस्तकं शोधायला सांगतात. त्यांत वर्षानुवर्षं, वेगवेगळ्या बाईंच्या अक्षरात, एकच शेरा सापडतो: 'हुशार आहे, पण लक्ष देत नाही.'